साइटवर नवीन लागलात? कामगारांच्या मनाचं कसं बघायचं

सातव्या मजल्यावर एक सुतार सेफ्टी बेल्ट न अडकवता अगदी कडेला उभा होता. सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू लावणारा चांगला कारागीर, परभणीकडचा. मी खालून ओरडलो, वर गेलो, सगळ्यांसमोर झापलं आणि दोनशे रुपये दंड लिहिला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. चौथ्या दिवशी मेसच्या मावशी म्हणाल्या, "सायेब, त्यो पाच राती झोपला नाही. दोन घास खातो नि उठतो. पोरीच्या दवाखान्याला पैसे धाडायचेत, ठेकेदार हिशोब देईना." तो बेल्ट विसरला नव्हता. अडकवावासाच वाटत नव्हता, हे त्यानं मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं.

डिप्लोमाला आम्हाला काँक्रीटची क्यूब टेस्ट शिकवली, सळईचं शेड्यूल शिकवलं. माणूस कडेला असा का उभा राहतो हे कुणी शिकवलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे बघा: देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यातले २६.४ टक्के लोक रोजंदारीवरचे होते. ते सगळेच बांधकामावरचे नव्हेत, पण तुमच्या साइटवर सकाळी रांगेत उभे असतात ते याच वर्गातले.

पुण्याच्या आसपासच्या साइट्सवर बारा-तेरा वर्षं काढल्यावर जे जमलं आणि जे फसलं, ते नव्यानं लागलेल्या ज्युनियर इंजिनीअर, सुपरवायझर आणि सेफ्टीवाल्यांसाठी इथे लिहितोय. तुम्हाला डॉक्टर व्हायचं नाहीये. वेळेत ओळखायचं, नीट बोलायचं आणि योग्य दारापर्यंत पोहोचवायचं, एवढंच काम.

आधी काय जमवून ठेवायचं

- खिशात मावणारी एक वही. कंपनीची नाही, स्वतःची.
- प्रत्येक कामगाराच्या घरचा चालू फोन नंबर. गेटपासच्या फॉर्मवर बहुतेक वेळा मुकादमाचाच नंबर टाकलेला असतो, म्हणून एकदा लावून बघा.
- तीन नंबर: टेलि-मानस (मन खचलेल्यांसाठी सरकारी फोनसेवा) १४४१६, पोलीस आणि तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८.
- जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते ही माहिती. स्वतः जाऊन विचारून या.
- दार लागेल अशी एक जागा. साइट ऑफिसला काचा असतात आणि आत प्लंबरपासून बिल्डरच्या भाच्यापर्यंत कुणीही घुसतं. मला स्टोअरच्या मागची सिमेंटची खोली बरी पडली.
- वरिष्ठांकडून एका ओळीचं लेखी: दवाखान्यात नेलेल्या दिवसाची हजेरी कापायची नाही. यासाठी भांडावं लागलं तर भांडा.

१. पहिल्या आठवड्यात हजेरी आणि हिशेब वाचा

मानसिक आरोग्य म्हटलं की साइटवर पोस्टर लागतात. योग दिनाला सगळ्यांना सतरंजीवर बसवून फोटो काढतात. करा, वाईट काही नाही. पण माणसाची झोप उडते ती पैशानं, आणि पैशाची गोष्ट हजेरीच्या पुस्तकात लिहिलेली असते.

बहुतेक टोळ्यांचा व्यवहार असा चालतो. गावातून निघताना मुकादम उचल देतो. साइटवर दर आठवड्याला खर्ची मिळते, किराण्यापुरती. उरलेला हिशेब काम संपल्यावर किंवा दिवाळी, छठ, होळीला गावी जाताना होतो. म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई दुसऱ्याच्या खिशात असते. घरी कुणी आजारी पडलं, शाळेची फी आली, सावकाराचा फोन आला, की हा माणूस स्वतःचेच पैसे मागायला दारोदार फिरतो.

म्हणून वहीत आधी एवढंच लिहा: कुठल्या टोळीचा हिशेब किती दिवसांपासून अडकलाय. मग बिलिंगवाल्याला गाठा. ठेकेदाराचं बिल कंपनीकडेच थकलंय का? तसं असेल तर चूक तुमच्या घरात आहे. बिल निघालंय आणि तरी मजुरी दिली नाही, तर प्रोजेक्ट मॅनेजरला आठवण करून द्या की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्यानं मुख्य मालकावर येते. या एका वाक्यानं जेवढे चेक सुटलेले मी पाहिलेत, तेवढे विनंतीनं सुटले नाहीत.

पावसाळ्याकडे वेगळं लक्ष द्या. जून ते सप्टेंबर बाहेरची कामं बंद पडतात आणि हजेरी महिन्याला बारा-पंधरा दिवसांवर येते. खोलीत बसून राहायचं, मोबाइल बघायचा, उधारी वाढवायची. कर्ज देणारी ॲप्स तेव्हाच गळ टाकतात. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर घाणेरडे मेसेज जातात, बायकोपासून सासऱ्यापर्यंत. कुणी असं अडकलं तर सायबर तक्रारीचा १९३० हा नंबर त्याच्यासमोर लावा आणि सगळ्यात आधी सांगा की ही लाज त्याची नाही.

याच आठवड्यात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचंही विचारून घ्या. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, या मुख्य अटी. सोबत आधार, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, बँक पासबुक. दाखला तुमच्याच ठेकेदारानं द्यायचा असतो आणि तो "उद्या देतो" म्हणत राहतो. एजंट यासाठी हजारांत पैसे मागतात, एक रुपयाही देऊ देऊ नका. नोंदणीनं मन बरं होत नाही, मान्य. पण मुलाची शिष्यवृत्ती किंवा बाळंतपणाची मदत मिळाली, की डोक्यावरचं एक घमेलं तरी उतरतं.

२. लेबर कॅम्प रात्री नऊनंतर बघा

दिवसा कॅम्प रिकामा असतो, काही कळत नाही. रात्री जा. पत्र्याच्या खोलीत किती जण झोपतात? पंखा चालतो का? संडासात दिवा आहे का? मे महिन्यात पत्रा रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, आणि तीन रात्री न झोपलेला, सळई कापणारा-बांधणारा फिटर चौथ्या दिवशी कटिंग मशीनवर उभा राहतो.

झोपेसाठी जे करता येईल ते करा. रात्रीचा स्लॅब झाल्यावर त्याच टोळीला सकाळी आठला बोलावू नका. दिवसपाळी-रातपाळीवाले वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. एवढं बदललं तरी भांडणं कमी होतात.

बायका असतील तर त्यांच्याकडे कुणीतरी बाईनंच जाऊन विचारावं. दिवसभर वाळू-खडी वाहून संध्याकाळी चूल पेटवणारी बाई तुमच्याशी, एका साहेबाशी, काही बोलणार नाही. तिचं अर्धं लक्ष खड्ड्यापाशी खेळणाऱ्या पोराकडे असतं. पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर द्यायचं, अशी तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होती. कमी असतील तरी एक खोली आणि एक सांभाळणारी बाई ठेवायला कुणी अडवत नाही.

३. खुणा कशा ओळखायच्या

"मला डिप्रेशन आलंय" असं वाक्य मी साइटवर आजवर ऐकलेलं नाही. जे ऐकलं ते असं: गॅस छातीत चढतो. डोकं जड झालंय. अंगात ताकद नाही. धडधडतंय. मन लागत नाही. बिहार-झारखंडची पोरं "घबराहट होता है" म्हणतात. आणि आपण त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवतो.

शारीरिक तपासणी झालीच पाहिजे, कारण छातीत दुखणं खरंच हृदयाचं असू शकतं. पण तपासणी साफ आली आणि तक्रार तशीच राहिली, तर पुढचं बघा. कामात बदल दिसतो का? ओळंबा डोळे झाकून धरणारा गवंडी एकच भिंत दोनदा पाडायला लावतो. गप्पिष्ट माणूस जेवणाच्या सुट्टीत एकटा बसतो. घरचा फोन आला की कट करतो. आधी शनिवारची असलेली दारू आता रोजची झाली. बेल्ट, हेल्मेट यांची पर्वाच राहिली नाही. माझ्या अनुभवात ही शेवटची खूण सगळ्यात जास्त चुकीच्या रकान्यात जाते, आपण तिच्यासमोर "बेशिस्त" लिहून मोकळे होतो.

एक दिवस कुणाचाही वाईट जातो. पण दोन आठवडे हे रोज दिसलं तर थांबू नका.

आणि उलटं लक्षण: बरेच दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत, हलका दिसायला लागला, आपली हत्यारं वाटू लागला, उधाऱ्या मिटवू लागला, तर "सुटला एकदाचा" म्हणून निःश्वास टाकू नका. त्याच दिवशी बोला.

४. तुमच्याआधी ज्यांना कळतं, ती माणसं शोधा

तुमच्या हातात दंडाची वही आहे. तुमच्याशी तो बोलणार नाही, हे गृहीत धरा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये २००८ साली बांधकाम कामगारांसाठीच एक उपक्रम सुरू झाला. त्यात साइटवरच्याच साध्या कामगारांना थोडं प्रशिक्षण देऊन दुवा बनवतात: बरोबरचा माणूस अडचणीत दिसला तर त्याला धरून ठेवायचं आणि मदतीपर्यंत न्यायचं. कल्पना आपल्याकडेही चालते, फक्त माणसं वेगळी.

माझ्या साइटवर ती माणसं होती मेसच्या मावशी, रात्रीचा वॉचमन आणि बंगालमधल्या माल्दाच्या टोळीतला एक वयस्क फिटर, ज्याला सगळे चाचा म्हणायचे. मुकादमाला यात घेताना जपून. काही मुकादम गावचेच, पोरांना भावासारखं सांभाळणारे असतात. काहींचेच पैसे त्या पोरावर अडकलेले असतात.

या तिघा-चौघांना शिकवायला अर्धा तास पुरतो. काय दिसलं तर सांगायचं, कुणाला सांगायचं आणि कुणाला अजिबात सांगायचं नाही. चहाबरोबर सांगा, हजेरी मांडून.

५. टूलबॉक्स टॉकमध्ये पाच मिनिटं

टूलबॉक्स टॉक (टीबीटी) म्हणजे सकाळी काम सुरू व्हायच्या आधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं. त्यात आठवड्यातून एकदा हा विषय घ्या. "मानसिक आरोग्य" हा शब्द वापरू नका, रांगेत हसू फुटतं. झोपेपासून सुरू करा: "काल रात्री कोण नीट झोपलं नाही? हात वर नका करू, पण उंचीवर चढायच्या आधी मला येऊन सांगा. आज खाली काम देतो, हजेरी पूर्ण." आणि मग खरंच पूर्ण द्या. पहिल्या माणसाची हजेरी कापली गेली, की दुसरा माणूस तुमच्याकडे येत नाही.

१४४१६ चं स्टिकर हेल्मेटच्या आत लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, चोवीस तास. मराठी, हिंदीबरोबर बंगाली, ओडिया, तेलुगूतही बोलता येतं, आणि साइटसाठी ही सगळ्यात मोठी सोय आहे. आधी स्वतः एकदा लावून बघा म्हणजे भाषा कशी निवडायची ते दाखवता येईल.

६. बोलायचं कसं

एकटं गाठा, पण "ऑफिसात ये" असा निरोप पाठवू नका. ऑफिसात बोलावलं म्हणजे काढून टाकणार, हाच अर्थ निघतो. कामाचं निमित्त काढा. मी त्या सुताराबरोबर फळ्या मोजायला बसलो होतो.

"मामा, जेवण उतरंना म्हणं तुम्हाला."

"कुठं काय सायेब."

"मावशी सांगत होत्या. काळजी वाटली म्हणून विचारतोय, दंडाचं नाही."

पंधरा-वीस फळ्या मोजून झाल्या. मी काही बोललो नाही. मग त्यानं पोरीचं सांगितलं.

ही गप्प बसायची पंधरा-वीस फळ्यांएवढी वेळ सगळ्यात अवघड जाते. इंजिनीअरला लगेच उपाय सुचतो. "अरे एवढंच ना", "मर्दासारखा मर्द तू", "आमच्याकडे बघ, आम्हाला काय कमी टेन्शन", "देवाचं नाव घे" ही चारही वाक्यं मी वापरून झालोय, आणि प्रत्येक वेळी समोरचा "हो सायेब" म्हणून उठून गेलाय. त्याऐवजी विचारा: किती दिवसांपासून असं होतंय? झोप? घरी कुणाला माहीत आहे? आत्ता लगेच काय झालं तर बरं वाटेल? शेवटच्या प्रश्नाला बहुधा छोटं उत्तर येतं: दोन हजार रुपये, चार दिवस सुट्टी, बायकोशी पाच मिनिटं निवांत बोलणं. ते देता येत असेल तर देऊन टाका.

हिंदी किंवा बंगालीत बोलणाऱ्याला त्याच्या भाषेतलं माणूस द्या, पण त्याचा उधारीवाला दुभाषा नको.

७. जिवाचा धोका वाटला तर

सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी उच्चारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो" आलं तर पुढचं विचारा: कसं, कधी, काही आणून ठेवलंय का?

मग क्रमानं:

- उंचीवरून, लिफ्टच्या डक्टजवळून, पाण्याच्या टाकीपासून त्याला खाली आणा. कामाचं निमित्त सांगून आणा, आरडाओरडा करून नको.
- एकटं सोडू नका. संडासालाही कुणी बरोबर जाईल. रात्री दोघं जवळ झोपतील.
- खोलीतून दोर, ब्लेड, उंदराचं औषध, थिनर, गोळ्यांच्या पट्ट्या हलवा.
- १४४१६ लावा, स्पीकरवर, त्याच्या शेजारी बसून. काही खाल्लं-प्यायलं असेल किंवा इजा केली असेल तर वेळ न घालवता १०८. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. काय घेतलं ती बाटली बरोबर न्या.
- घरी फोन करा, आणि शक्यतो त्याला विचारून, कुणाला करू.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "हिशेब करून गावी पाठवून द्या". साहेब लोक हमखास हेच सांगतात, कारण मग जे काय व्हायचं ते साइटवर होत नाही. अशा अवस्थेतल्या माणसाला बिहारकडे जाणाऱ्या दानापूर गाडीच्या जनरल डब्यात एकट्याला बसवू नका. जायचंच असेल तर बरोबर गाववाला द्या, त्याचंही तिकीट आणि रोज द्या, आणि पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय विषय बंद करू नका.

दुसरा सापळा पोलीस केसच्या भीतीचा. या भीतीनं लोक दवाखान्यातच नेत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलंय, आणि त्याला शिक्षा न करता उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलीय. रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जाईल, जबाब होईल. तेवढ्यासाठी उपचार लांबवू नका.

८. दवाखान्यात नेताना

पुण्यात "येरवड्याला" म्हटलं की संपलं, माणूस रात्रीतून पळून जातो. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय उपचाराची जागा आहे, पण हा शब्द शिवीसारखा वापरला गेलाय, ठाण्याचंही तेच. म्हणून पहिल्या खेपेला मी ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नेतो. तिथे हाडांचे, डोळ्यांचे सगळेच पेशंट एका आवारात असतात, कुणाला काही कळत नाही. तुमच्या जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयात विचारा.

बरोबर आधार, आधीची औषधांची चिठ्ठी, घरच्यांचा नंबर आणि खोलीतला एक मित्र घ्या. झोप किती दिवस नाही हे तो मित्रच नीट सांगतो. सकाळी लवकर पोहोचा, केसपेपरची रांग असते. डॉक्टरांना कामाचं स्वरूप आवर्जून सांगा: उंचीवर चढतो, मशीन चालवतो. बऱ्याच गोळ्यांनी सुरुवातीला गुंगी येते. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत त्याला परांचीवर चढवू नका, खाली स्टोअरला किंवा सळई मोजायला लावा. उदासीवरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच बंद केली की त्रास उलटतो. गोळ्या संपायच्या आधीची तारीख वहीत लिहा. नाव लिहू नका, खूण करा.

९. दारूचं

दारू सोडवायची म्हणून खोलीत कोंडलेला एक वेल्डर मी पाहिलाय. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं: हात थरथरणं, घाम, भास, फीट. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे निदान फोन करून विचारा. मंडळाकडे नोंदणी झालेल्या कामगाराला व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी अर्थसाहाय्याचीही योजना आहे, तालुक्याच्या सुविधा केंद्रात चौकशी करा.

१०. साइटवर मृत्यू झाल्यावर

पंचनामा, वकील, विमा यांत सगळे अडकतात आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर माणूस पडला त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच मजल्यावर पाठवलं जातं. असं करू नका. त्याच टोळीला रक्त धुवायला लावू नका. काय झालं ते खरं आणि थोडक्यात सगळ्यांना सांगा, नाहीतर कॅम्पमध्ये रात्रभर अफवा पिकते. गावी मयतीला जायचं असेल त्यांना पगारी सुट्टी द्या. पहिले काही दिवस झोप न येणं, तेच दृश्य समोर येणं साहजिक आहे. महिनाभरानं तसंच असेल तर डॉक्टर.

११. तुमचं स्वतःचं

बारा-चौदा तास, रविवारीही स्लॅब, क्लायंटची ओरड, लग्न ठरत नाही कारण "साइटवाला" आहे. १४४१६ तुमच्यासाठीही आहे. कॅम्पमधल्या कुणाचं ऐकून रात्री डोळा लागला नाही तर ते एकट्यानं पचवू नका. माझा एक जुना सेफ्टीवाला मित्र आहे, त्याला मी नाव न सांगता सगळं सांगतो.

१२. साइट सोडताना

बदली होणारच. नवीन माणसाला ओपीडीचे वार, मावशी-चाचांची ओळख आणि कुठल्या टोळीचा हिशेब अडकलाय, एवढं द्या. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना आधी विचारा, नव्या साहेबाला सांगू का. एकानं मला "नको" म्हटलं. मग त्याच्या खोलीतल्या मित्रालाच पुढच्या तारखा पाठ करायला लावल्या. वही कंपनीच्या फाइलला लावू नका, कुणालाही देऊ नका. मी माझी मेसच्या चुलीत घातली, मावशींच्या समोर.